तिसऱ्या थरावरचं बेट

श्रीनिवास कामात मुद्दाम चूक ठेवतो, असं कुणी दिगंबररावांना सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच ऑफिसबाहेर काढलं असतं. धायरीच्या त्यांच्या छोट्या कारखान्यात शीतगृहांचे कंट्रोलर बनत, आणि त्या कंट्रोलरच्या पोटातला सर्किट बोर्ड कॉम्प्युटरवर आखण्याचं काम श्रीनिवासकडे होतं. चाळिशीला टेकलेला, एकटा राहणारा, शर्टाच्या दोन्ही बाह्या सारख्याच दुमडणारा, डब्यातली पोळीसुद्धा आधी नीट तुकडे करून मग खाणारा माणूस. त्याच्या हातून चूक होते हेच पटायला अवघड होतं. तो ती ठरवून करतो, हे तर आणखीनच.

पण तो करत होता. जवळजवळ दर बोर्डाला एक.

असा बोर्ड म्हणजे तांब्याचे थर एकावर एक चिकटवलेले. वर आणि खाली बारीक रेषांचं जाळं, आणि मधल्या दोन थरांत सलग तांबं. एक थर वीज पुरवणारा, दुसरा ग्राउंडचा, म्हणजे आलेली वीज परत नेणारा. हे सलग थर कॉम्प्युटरवर करणं दिसायला सोपं असतं. हद्द आखायची, हे तांबं कुणाचं ते सांगायचं आणि बटण दाबायचं. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसं ते आपोआप पसरत जातं, परक्या भोकांभोवती जागा सोडत. मात्र कधी कधी एखाद्या कोपऱ्यात, भोकांच्या गर्दीत, तांब्याचा एक तुकडा सगळ्यांपासून तुटून राहतो. त्याला बेट म्हणतात. ते जोडून घ्यायचं किंवा काढून टाकायचं, एवढंच लक्षात ठेवायचं असतं.

पहिल्या वेळी श्रीनिवासच्या ते खरोखरच लक्षात राहिलं नव्हतं. बोर्ड भोसरीच्या एका कारखान्यातून बनून येत. सकाळी फाइल पाठवली आणि दुपारी त्याच्या टेबलावरचा फोन वाजला.

"श्रीनिवास सर का? भोसरीहून श्यामला बोलतेय, फाइल तपासणीतून. तुमच्या तिसऱ्या थरावर एक तुकडा एकटाच राहिलाय. कशालाच जोडलेला नाही. ठेवू का काढू?"

एकट्या राहिलेल्याची कुणी इतक्या शांतपणे चौकशी केल्याचं श्रीनिवासच्या ऐकिवात नव्हतं. 

"काढा," तो शेवटी म्हणाला. मग त्याला वाटलं, हे फार तुटक झालं. "किंवा जोडला तरी चालेल."

"सर, एक काहीतरी सांगा."

"जोडा."

"बरं. तुमच्याकडे लाइट आहे?"

"आहे."

"आमच्याकडे आत्ताच आली. परत जायच्या आत करून टाकते."

फोन ठेवल्यावर श्रीनिवास बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. त्या काळात पुण्यात भारनियमन जोरात होतं आणि लाइट आहे का, हे कुणीही कुणालाही विचारत असे. पण त्याला ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या फाइलीत एकही चूक नव्हती. त्यामुळे फोन आला नाही. दुपारभर आपण फोनकडे कान लावून बसलो आहोत, हे त्याला संध्याकाळी समजलं, आणि समजल्यावर स्वतःचाच राग आला. त्यापुढच्या फाइलीत त्याने तिसऱ्या थरावर, डाव्या कोपऱ्यात, एक छोटं बेट ठेवून दिलं.

"सर, परत एक राहिलंय," श्यामला म्हणाली.

"अरेरे," श्रीनिवास म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे, पण 'अरेरे' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं.

असं दीड वर्ष चाललं. त्या फोनांमधून त्याला तिच्याबद्दल थोडं थोडं कळत गेलं. ती उशिरा जेवते, कारण बोलता बोलता डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येई. ती कॉपर न म्हणता तांबं म्हणते. घरी ती आणि तिचे वडील असे दोघंच. वडील निवृत्त झाल्यापासून स्वयंपाक करतात आणि त्यांना फक्त भेंडी येते. दोन रेषा फार जवळ आल्या की ती विचारी, "सर, धायरीत कुंपण घालायची पद्धत नाही का?" श्रीनिवास ते वाक्य आठवून घरी एकटाच हसे. एकदा हसताना शेजारणीने बघितलं, तर तो टीव्हीकडे बघून हसल्यासारखं करू लागला. टीव्ही बंद होता.

चूक न ठेवता फोन करावा, असं त्याच्या मनात येत नसे असं नाही. एकदा त्याने रिसीव्हर उचललाही. 'सहज केला' असं म्हणायचं ठरवलं. पण आपल्या आयुष्यात आजवर सहज असं काही झालेलंच नाही आणि ते आपल्या आवाजावरून तिला लगेच कळेल, असं वाटून त्याने तो खाली ठेवला.

अशातच दादामियाँ बागवानांचं काम आलं. दादामियाँ मार्केट यार्डातले केळ्यांचे जुने व्यापारी. कच्ची केळी ट्रकने येत, त्यांच्या बंद खोल्यांमध्ये ठरलेल्या गारव्यात सावकाश पिकत आणि मग बाजारात जात. गारवा कमी झाला की केळी घाईने पिकतात, म्हणून खोल्यांचे जुने कंट्रोलर बदलून नवे बसवायचे होते. त्या वर्षी रमजान आणि नवरात्र एकदमच येत होते. निम्मं पुणं संध्याकाळी केळी खाणार होतं आणि निम्मं दिवसभर.

"दिगंबरशेठ, केळी रोज थोडी थोडी पिकायला पाहिजेत," दादामियाँ काम देताना म्हणाले. "महिनाभर पुरायला पाहिजेत. एवढंच यंत्राला समजावून सांगा."

श्रीनिवासने बोर्ड मन लावून आखला. आणि शेवटी चूक ठेवायची वेळ आली तेव्हा त्याच्या मनात एक हिशेब आला. छोट्या चुकीला छोटा फोन येतो. बेट ठेवलं की श्यामला 'जोडू का' विचारते आणि मिनिटाभरात संपतं. मग चूक थोडी मोठी असेल तर? त्याने तापमान मोजणाऱ्या भागाखालचं सगळं ग्राउंडचं तांबं वेगळं काढलं आणि ते कुणाचं, हे कॉम्प्युटरला सांगितलंच नाही. आता हे निस्तरायला निदान दहा मिनिटं बोलावं लागणार होतं. दुरुस्त केलेली फाइल त्याने आधीच तयार करून ठेवली, म्हणजे फोन झाल्या झाल्या पाठवता येईल. आणि मग तो फोनची वाट बघू लागला.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुवारी लाइट नसते म्हणून आला नसेल, असं त्याने मानलं. शुक्रवारी लाइट होती. दुरुस्त फाइल त्याने तरी पाठवली नाही, कारण ती गेली की फोन यायचं कारणच संपलं असतं.

आठवडा उलटला आणि फोनऐवजी बोर्डांचं खोकंच आलं.

दिगंबररावांनी स्वतः एक बोर्ड टेबलावर जोडला, कॉम्प्युटरची वायर लावली आणि आकडे बघितले. तापमान अगदी बरोबर येत होतं. "वा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून वर्षाकाठी एवढंच कौतुक निघत असे.

श्रीनिवासला मात्र ते बरोबर आकडे टोचले. याचा अर्थ एकच होता. श्यामलाला चूक दिसली होती आणि तिने ती न विचारता स्वतःच दुरुस्त करून टाकली होती. म्हणजे तिला बोलायचंच नव्हतं. कंटाळली असेल. कुणीही कंटाळेल. त्याने त्या बोर्डांना पुन्हा हात लावला नाही, मीटर लावून बघितलं नाही, खोकं नीट बंद करून जोडणी विभागाकडे ढकललं आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

कंट्रोलर बसले. चौथ्या दिवशी दादामियाँचा फोन आला, तो दिगंबररावांनी घेतला.

"शेठ, तुमचं यंत्र सोळा डिग्री दाखवतंय," दादामियाँ शांतपणे म्हणाले. "मी आत खोलीत उभा आहे. बनियनवर. तरी घाम येतोय."

"असं कसं होईल? यंत्र सोळा म्हणतंय ना?"

"यंत्र म्हणतंय. केळी ऐकत नाहीत."

दिगंबरराव आणि श्रीनिवास मार्केट यार्डात पोचले तेव्हा खोल्यांची दारं उघडी होती आणि पिकल्या केळ्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आत जिकडे बघावं तिकडे पिवळं. महिनाभर हळूहळू पिकायची केळी एका दमात पिकून बसली होती. हमाल क्रेटच्या क्रेट बाहेर काढत होते आणि दादामियाँ खुर्चीवर बसून, जपमाळ ओढत, ते बघत होते. त्यांचा रोजा होता. त्यामुळे इतक्या केळ्यांपैकी एकही ते खाऊ शकत नव्हते. दिगंबररावांचा नवरात्राचा उपास होता. त्यामुळे ते फक्त केळीच खाऊ शकत होते, आणि भीतीने त्यांनी लागोपाठ तीन खाल्ली.

श्रीनिवासने एक कंट्रोलर उघडला. मीटर लावला आणि त्याचा हात थांबला. ते तांबं अजून तुटलेलंच होतं. कुणीही काहीही दुरुस्त केलं नव्हतं. टेबलावर तपासताना कॉम्प्युटरची वायर जोडलेली होती, तिच्यातून त्या तुकड्याला ग्राउंड मिळत होतं. म्हणून आकडे बरोबर आले. इथे यार्डात वायर काढली, आणि तुकडा पुन्हा एकटा पडला. मग यंत्र मनाला येईल ते तापमान सांगत राहिलं.

"काय झालंय?" दिगंबररावांनी विचारलं.

"ग्राउंड जोडलेलं नाही," श्रीनिवास म्हणाला. "फाइलीतच नव्हतं."

"आणि त्या भोसरीच्या बाईंना दिसलं नाही? एरवी एवढ्या तेवढ्यासाठी फोन करतात ना?"

श्रीनिवासने कंट्रोलरचं झाकण पुन्हा लावलं.

"चला," दिगंबरराव चौथं केळं सोलत म्हणाले. "जाऊन विचारूच. चूक तुमची असेल, पण तपासायचं काम त्यांचं. तुम्हीच बोलायचं, श्रीनिवास. कडक बोलायचं."

"मी?"

"मग कोण? तुमचीच ओळख आहे त्यांच्याशी."

दादामियाँ खुर्चीतून उठले. "मी पण येतो. माझ्या केळ्यांचं असं का झालं, ते मला एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय." त्यांचा टेम्पो क्रेट भरून उभाच होता. तिघं पुढे दाटीवाटीने बसले आणि निघाले.

टेम्पो पूर्ण शहर ओलांडून भोसरीला जाईपर्यंत दिगंबरराव श्रीनिवासला काय बोलायचं ते शिकवत होते. जबाबदारी, निष्काळजीपणा, लेखी खुलासा. श्रीनिवास मान हलवत होता. दीड वर्ष ज्या भेटीची त्याने कल्पना केली होती, त्यात तो नवा निळा शर्ट घालून जाणार होता आणि काय बोलायचं ते त्याला आपोआप सुचणार होतं. त्यात मालक नव्हते, व्यापारी नव्हते, लेखी खुलासा नव्हता, आणि अंगाला पिकल्या केळ्यांचा वास तर अजिबातच नव्हता.

फाइल तपासणीची खोली वातानुकूलित होती. कॉम्प्युटरसमोर, अंगात स्वेटर आणि नाकावर चष्मा अशी एक बुटकी बाई बसली होती. तिने मान वर केली.

"मी श्रीनिवास," तो म्हणाला. "धायरीहून."

"हो का," ती म्हणाली. "फोनवर उंच वाटला होतात."

आवाज तोच होता. बाकीची बाई नवीन होती, आणि तिच्याकडे एकदम इतकं बघायला मिळाल्यामुळे कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. कडक बोलायचं तर राहूनच गेलं. शेवटी दिगंबररावांनीच घसा खाकरला.

"मॅडम, आमची तक्रार आहे. तुमच्या बोर्डामुळे यांची सगळी केळी पिकली."

"केळी पिकतातच, सर," श्यामला म्हणाली. तिने कॉम्प्युटरवर फाइल उघडली. "तुमची फाइल आली तशी बनवलीय. बिलाखाली तसं लिहूनही दिलंय. हे बघा, हा भाग तुमच्याकडूनच सुटा आलाय."

"ते आहे. पण तुम्ही दर वेळी फोन करता."

"करते."

"मग या वेळी का नाही केला?"

श्यामलाने चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

"सर, यांच्या फाइली मी दीड वर्ष बघतेय," ती दिगंबररावांना म्हणाली. श्रीनिवासकडे तिने बघितलं नाही. "असं आखीव काम आमच्याकडे दुसऱ्या कुणाचं येत नाही. आणि दर वेळी त्यात एक चूक. तिसऱ्याच थरावर. सोपी. ज्याला काम येत नाही त्याच्या चुका सगळीकडे असतात, सर. एका जागी मांडून ठेवल्यासारख्या नसतात."

दिगंबरराव सावकाश श्रीनिवासकडे वळले. श्रीनिवास आगीच्या वेळी काय करावे याच्या भिंतीवरच्या सूचना वाचत होता.

"तर या वेळी म्हटलं, दर वेळी आपणच का फोन करायचा," श्यामला पुढे म्हणाली. "आपण नाही केला, तर यांचा येतो का बघू. 'मॅडम, तुमचा फोन कसा नाही आला' एवढं विचारायला."



"मग?" दादामियाँनी विचारलं.

"नाही आला. चार दिवस थांबवून ठेवलं मी काम. मग आमचे साहेब चिडले, तेव्हा पाठवून दिलं. टेबलावर तपासताना कळेलच, म्हटलं. भांडायला तरी फोन करतील."

"टेबलावर कळलं नाही," श्रीनिवास एकदम म्हणाला. "सगळं बरोबर आलं. मला वाटलं, तुम्ही न विचारता दुरुस्त केलंत. बोलायचं नसेल म्हणून."

"मी कशाला न विचारता करीन? कधी केलंय?"

"नाही केलं."

"मग?"

 दादामियाँ खुर्ची ओढून बसले. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"म्हणजे तुम्ही यांच्या फोनची वाट बघत होतात," ते म्हणाले. "आणि हे तुमच्या. आणि मधल्या मध्ये माझी केळी पिकली."

 "दिगंबरशेठ," दादामियाँ म्हणाले, "आता ती तक्रार कुणाच्या नावाने लिहायची तेवढं सांगा."

 दिगंबरराव हिशोबी गृहस्थ होते. दीड वर्षाच्या चुका, दीड वर्षाचे फोन आणि आपण दर महिन्याला भरलेली टेलिफोनची बिलं, हे सगळं ते मनात जुळवत होते. मग त्यांना आठवलं की फोन नेहमी पलीकडूनच येत होते, आणि ते थोडे शांत झाले.

निघताना दादामियाँनी ड्रायव्हरकरवी केळ्यांची एक फणी आत मागवली. "घ्या बेटी," ते म्हणाले. "ज्यांच्यामुळे पिकली त्यांनी तरी खावीत."

"माझा उपास आहे," श्यामला म्हणाली. "चालतील." तिने फणी कॉम्प्युटरशेजारी ठेवली आणि पहिल्यांदाच सरळ श्रीनिवासकडे बघितलं. तिथे इतकी माणसं होती, की त्याने फक्त मान हलवली. नमस्कारासाठी हलवतात तशी. दारातून बाहेर पडल्यावर त्याला वाटलं, आपण निदान 'लाइट कधी जाते' एवढं तरी विचारायला हवं होतं.

परतताना दापोडीजवळ अजान झाली. टेम्पो कडेला थांबला. दादामियाँनी खिशातून कागदाची पुडी काढून खजूर तोंडात टाकला, पाणी प्याले आणि मागून दोन केळी मागवली. एक श्रीनिवासला दिलं. दिगंबरराव नको म्हणाले. त्यांचं पोट बिघडलं होतं आणि ते उतरून रस्त्याच्या कडेने येरझारा घालू लागले.

"गोड आहे," दादामियाँ म्हणाले. "माल वाईट नव्हता." थोडं थांबून ते बोलू लागले. "आमच्या वेळी फोन नव्हते. मी दुकानात, अख्तरबानू गुरुवार पेठेत घरी. लग्न नवीन होतं. दुपारी घरी जायला काही कारण लागायचं, वडील दुकानात असायचे. मी सांगायचो, तराजूचं वजन घरी राहिलं. वजन माझ्या खिशात असायचं."

"त्यांना कळायचं?" श्रीनिवासने विचारलं.

"कुणाला, वडिलांना? वडिलांना कळत असणार."

"नाही. त्यांना."

दादामियाँनी केळ्याची साल नीट घडी करून कागदात ठेवली. "विचारलंच नाही कधी. ती होती तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, रोज, नेमकं याच वेळेला. दस्तरखानावर जेवायला घरचे सगळे असतात, आणि माझ्या मनात आपलं हेच चाललेलं असतं." ते बाहेर बघत राहिले. रस्त्यावर दिवे लागत होते. एक बाजू लागली, दुसरी अंधारातच राहिली.

दिगंबरराव येऊन बसले आणि म्हणाले, "श्रीनिवास, उद्यापासून तुमचं काय करायचं याचा मला विचार करावा लागेल."

"करू नका," दादामियाँ म्हणाले. "यांना काढलंत तर मी यंत्रं दुसरीकडून घेईन. आता यांना चूक करायची धास्ती बसलीय. असा माणूस तुम्हाला मागून मिळणार नाही."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. टेम्पोतले क्रेट त्याच संध्याकाळी निम्मे मोमीनपुऱ्यातल्या मशिदीत आणि निम्मे एका देवीच्या मंडपात गेले. पुढचे काही दिवस दोन्हीकडे लोक केळी खाऊन कंटाळले, पण नवरात्र आणि रमजान आहे म्हणून खात राहिले. नवे कंट्रोलर दिगंबररावांनी फुकट बसवून द्यायचे, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दिगंबररावांनी श्रीनिवासच्या टेबलावरचा फोन काढला आणि आपल्या केबिनमध्ये, स्वतःच्या फोनशेजारी, लावून घेतला. भोसरीचा कुठलाही फोन आता त्यांच्याच हातात येणार होता. श्रीनिवासच्या टेबलावर फोनच्या जागी एक फिकट चौकोन तेवढा राहिला. तिथे तो पेन ठेवू लागला.

दादामियाँच्या खोल्यांचा बोर्ड त्याने पुन्हा पहिल्यापासून आखला. ग्राउंडचं तांबं पसरलं, वीजपुरवठ्याचं पसरलं, कोपरान् कोपरा मोठा करून बघितला. एकही बेट नव्हतं. सगळं कुठे ना कुठे जोडलेलं होतं. फाइल पाठवायच्या बटणावर बोट ठेवून तो थोडा वेळ बसून राहिला. एक छोटासा तुकडा, डाव्या कोपऱ्यात, कुणाचंच नुकसान न करणारा, ठेवता आला असता. अगदी सवयीने त्याचा हात तिकडे गेलाही. मग त्याला यार्डातली ती खुर्ची आठवली आणि त्याने फाइल होती तशी पाठवली. आता भोसरीहून फोन यायचं काही कारण उरलं नव्हतं. त्याचा मोबाइल नंबर तिच्याकडे नव्हता, तिचा त्याच्याकडे नव्हता, आणि तो मागायला जावं तर मध्ये सगळं शहर होतं आणि स्वतःचा स्वभाव होता. जेवायच्या सुट्टीत त्याने डबा उघडला आणि पोळी तुकडे न करताच खाल्ली.

दुपारी केबिनमधला फोन वाजला. दार उघडंच होतं.

"बोला," दिगंबरराव म्हणाले. मग ते सावध झाले. "हो, मीच. काय चूक आहे?"

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं.

"काहीच नाही?" दिगंबरराव म्हणाले. "ग्राउंड बघितलंत? तिसरा थर? सगळं जोडलेलं आहे?" ते ऐकत राहिले. "बरं. मग फोन कशासाठी केलात?"

या वेळी पलीकडचं बोलणं थोडं लांबलं. दिगंबररावांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला आणि मग तळव्याने झाकला.

"श्रीनिवास, इकडे या जरा," त्यांनी हाक मारली. "बाई म्हणतायत, फाइलीत काहीही चूक नाही आणि हेच सांगायला फोन केलाय. आणि बाकी तुमच्याशीच बोलायचंय म्हणतायत. मला तर यातलं काही समजत नाही. घ्या."

श्रीनिवासने रिसीव्हर घेतला. दिगंबरराव खुर्चीतच बसून होते आणि आता पुढे काय होतं ते बघत होते.

"हॅलो," श्रीनिवास म्हणाला.

"हं," श्यामला म्हणाली. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "जेवलात?"

"जेवलो," तो म्हणाला, आणि त्याला पुढचं काही सुचेना. पलीकडेही शांतता होती. पण दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. तो तसाच, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून, उभा राहिला.

दिगंबररावांनी थोडा वेळ वाट बघितली. टेबलावरचे कागद एकावर एक सारखे केले, पुन्हा विस्कटून पुन्हा सारखे केले. शेवटी ते उठले, स्वतःच्याच केबिनमधून बाहेर आले, दार हळूच ओढून घेतलं आणि श्रीनिवासच्या टेबलाशी, त्या फिकट चौकोनासमोर, जाऊन बसले.